नामावलीत नाव कितवे यावे, हे कोण ठरवते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या अभिनेत्याला पहिल्याच चित्रपटात मोठी भूमिका मिळाली आहे आणि कथा त्याच्याच पात्राभोवती फिरते. करारनाम्याच्या मसुद्यात मात्र श्रेयाबद्दल ‘कलाकाराच्या नावाचे स्थान निर्मात्याच्या निर्णयानुसार राहील’ एवढे एकच वाक्य आहे. त्याचे नाव तिसरे येईल, असे निर्मात्याकडून तोंडी कळले आहे, कारण त्याच्या आधी दोन नामवंत कलाकारांची नावे लागणार आहेत आणि त्यांपैकी एकाचे काम जेमतेम चार दृश्यांचे आहे. हा क्रम कोण ठरवतो, त्याला काही नियम असतो का, आणि आपण यावर काही बोलावे की गप्प राहावे, अशी त्याची विचारणा आहे.

मी गेली अनेक वर्षे निर्मात्यांसाठी कलाकारांचे करार तयार करतो आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर त्या करारांप्रमाणे पडद्यावरची नामावली व पोस्टरवरची नावे तपासून देतो. त्यामुळे जे लिहितो आहे ते टेबलाच्या निर्मात्याकडच्या बाजूने पाहिलेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कलाकारांच्या मॅनेजरांना काही मुद्दे वेगळ्या तऱ्हेने मांडावेसे वाटतील. शिवाय बरेच काही त्या त्या चित्रपटाच्या परिस्थितीवर अवलंबून असते: पैसा कोणाच्या नावावर उभा राहिला, कोणाचा करार आधी झाला, कलाकार कोणत्या संघटनेचा सभासद आहे. तरीही क्रम ठरण्यामागचे तर्कशास्त्र बहुतेक ठिकाणी सारखेच असते.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला काढू. ज्याची भूमिका मोठी त्याचे नाव आधी, असे तुम्ही धरून चालला आहात, आणि प्रेक्षकही तसेच धरून चालतात. प्रत्यक्षात भूमिकेची लांबी आणि नावाचे स्थान यांचे हिशेब दोन वेगळ्या वह्यांत मांडले जातात. 1978 च्या ‘सुपरमॅन’मध्ये पहिले नाव मार्लन ब्रँडो यांचे होते आणि दुसरे जीन हॅकमन यांचे. ज्याने सुपरमॅन साकारला त्या ख्रिस्तोफर रीव्ह यांचे नाव या दोघांनंतर, तेही शीर्षक येऊन गेल्यावर आले. ब्रँडो यांनी नायकाच्या वडिलांचे काम केले होते आणि ते पडद्यावर फार थोडा वेळ दिसतात. 1989 च्या ‘बॅटमॅन’मध्ये तर खलनायक झालेले जॅक निकल्सन पहिले आणि बॅटमॅन झालेले मायकल कीटन दुसरे होते. ‘शोले’ची नामावली पुन्हा एकदा पाहा. धर्मेंद्र, संजीव कुमार, हेमा मालिनी आणि मग चौथे नाव अमिताभ बच्चन यांचे येते. 1975 साली तो क्रम कोणाला खटकला नसेल. आज तो खटकतो, कारण आपण नंतरची कीर्ती मागे नेऊन लावतो. नामावली मात्र कराराच्या दिवशी कोण किती मोठा होता, तेच दाखवत राहते.

असे का होते, याचे कारण साधे आहे. चित्रपट तयार होण्याआधी विकण्यासारखे निर्मात्याकडे फार थोडे असते, आणि त्यात कलाकारांची नावे सर्वांत ठोस असतात. गुंतवणूकदार आणि वितरक पटकथा वाचतीलच असे नाही, पण नावे वाचतात. म्हणून ज्याच्या नावावर व्यवहार उभा राहिला त्याला ते नाव सर्वांत वर ठेवण्याचा आग्रह धरता येतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर नावाचे स्थान हा मोबदल्याचाच एक भाग असतो. मानधनाची चर्चा एका आकड्यावर अडली की निर्माता म्हणतो, ‘आकडा वाढवता येणार नाही, पण नाव स्वतंत्र कार्डावर देतो.’ कार्ड म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारी नावाची पाटी; ती स्वतंत्र असली की तिच्यावर एकट्याचेच नाव असते. असे कार्ड द्यायला खर्च शून्य येतो आणि समोरच्याला पुढच्या कराराच्या वेळी दाखवायला पुरावा मिळतो. मी पाहिलेल्या वाटाघाटींत रात्री उशिरापर्यंत ताणल्या गेलेल्या बहुतेक याच मुद्द्यावर ताणल्या गेल्या. पैशाचा प्रश्न त्याआधीच सुटलेला असे.

ही नावे मुळात आली कोठून, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मूकपटांच्या आरंभीच्या काळात अमेरिकेत कलाकारांची नावे दिलीच जात नसत. नाव झाले की नट जास्त पैसे मागेल, ही कंपन्यांची भीती होती. फ्लॉरेन्स लॉरेन्स या अभिनेत्रीला प्रेक्षक ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणून, म्हणजे कंपनीच्या नावानेच ओळखत. कार्ल लेम्ली यांनी तिला आपल्या कंपनीत आणले आणि 1910 मध्ये तिच्या खऱ्या नावाने जाहिरात केली. कंपन्यांची भीती खरी ठरली. नाव छापले जाऊ लागले त्या दिवसापासून नावाला किंमत आली, आणि किंमत आली म्हटल्यावर रांग आलीच.

आता नियमांविषयी. कलाकारांमधला क्रम ठरवणारा कायदा नाही, आणि माझ्या माहितीतल्या संघटनांपैकी कोणीही सुरुवातीच्या नामावलीतला क्रम ठरवून देत नाही. संघटना किमान हक्क पाहतात. अमेरिकेतील अभिनेत्यांच्या संघटनेच्या, म्हणजे 1933 मध्ये स्थापन झालेल्या आणि 2012 च्या विलीनीकरणानंतर सॅग-आफ्ट्रा झालेल्या संघटनेच्या मूळ करारानुसार चित्रपटाच्या शेवटी कलाकार आणि त्यांच्या भूमिका यांची यादी द्यावी लागते, आणि पात्रवर्ग 50 किंवा त्याहून कमी असेल तर सर्वांची नावे घालावी लागतात. दिग्दर्शक आणि लेखक यांच्या बाबतीत तिथले नियम जास्त काटेकोर आहेत. सुरुवातीच्या नामावलीत दिग्दर्शकाचे नाव सर्वांत शेवटी, चित्रपट सुरू होण्याच्या ऐन आधी येते. दोन लेखकांच्या नावांमध्ये ‘आणि’ हे शब्दाने लिहिले आहे की ‘&’ या चिन्हाने, यावरून ते स्वतंत्रपणे लिहीत होते की जोडीने, हे कळते. अभिनेत्यांसाठी असे काही नाही. तिथे जो तो आपल्या करारापुरता, आणि सगळे करार एकत्र जुळवण्याची जबाबदारी निर्मात्याची. दिग्दर्शकाचे मत विचारले जाते, पण सह्या झालेल्या कागदापुढे ते चालत नाही.

प्रत्यक्ष कामात हे कसे होते, ते सांगतो. संकलन संपत आले की मी सगळे करार घेऊन बसतो आणि प्रत्येकातले श्रेयाचे कलम कागदाच्या एकेका पट्टीवर उतरवून काढतो: नाव, शीर्षकाआधी की नंतर, स्वतंत्र कार्ड की दोघांत एक, कितवे, अक्षरे कोणाइतकी मोठी, पोस्टरवर आहे की फक्त पडद्यावर. मग त्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडतो आणि सरकवत राहतो. सगळ्या पट्ट्या एका रांगेत भांडण न करता बसल्या की नामावली झाली. एखादी पट्टी कुठेच बसत नसेल तर फोन करावे लागतात. हे काम संगणकावर होत नाही असे नाही, पण पट्टी हातात धरून सरकवताना दोन कलमांतली टक्कर जशी दिसते तशी पडद्यावरच्या तक्त्यात दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

अशी टक्कर एकदा माझ्याच चुकीने झाली. नायिका पहिली, एक ज्येष्ठ अभिनेत्री दुसरी, नायक तिसरा आणि त्याच्यानंतर एक चरित्र अभिनेता, असा क्रम ठरला होता. ज्येष्ठ अभिनेत्रीच्या करारात मी ‘दुसरे स्थान, स्वतंत्र कार्ड’ असे लिहिले होते आणि चरित्र अभिनेत्याच्या करारात ‘नायकाच्या नावानंतर लगेच’. तेव्हा दोन्ही बरोबर होते. चित्रीकरण चालू असताना नायकाचा आधीचा चित्रपट जोरात चालला, त्याच्या मॅनेजरने पहिले स्थान मागितले, आणि नायिकेनेही मोठ्या मनाने शेवटचे ‘आणि’ स्वीकारले. सगळे खूश झाले. तीन महिन्यांनी पट्ट्या मांडल्या तेव्हा माझ्या लक्षात आले की नायक पहिला झाल्याने ‘दुसरे स्थान’ आणि ‘नायकानंतर लगेच’ या दोन्हींचा अर्थ आता एकच झाला होता, आणि त्या एका जागेवर दोघांचा लेखी हक्क होता. शेवटी पडद्यावर अभिनेत्रीचे नाव दुसरे आणि पोस्टरवर अभिनेत्याचे नाव दुसरे, अशी तडजोड झाली. ती करायला अकरा दिवस गेले. तेव्हापासून मी स्थान नेहमी आकड्यात लिहितो आणि दुसऱ्या कलाकाराच्या संदर्भाने कधीही लिहीत नाही.

ही तडजोड काही माझा शोध नव्हे. 1962 च्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये पोस्टरवर जेम्स स्ट्युअर्ट यांचे नाव आधी आहे, तर प्रत्यक्ष चित्रपटात जॉन वेन यांचे. तुल्यबळ कलाकारांचा तिढा सोडवण्याचे याहून प्रसिद्ध उदाहरण 1974 च्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’चे आहे. स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन या दोघांनाही पहिले स्थान हवे होते. म्हणून मॅक्वीन यांचे नाव डावीकडे पण खाली, आणि न्यूमन यांचे उजवीकडे पण वर दिले गेले. डावीकडून वाचणाऱ्याला मॅक्वीन पहिले, वरून वाचणाऱ्याला न्यूमन पहिले. दोघांचेही समाधान करणारी ही तिरपी रचना नंतर अनेकांनी उचलली, आणि आजही दोन समान ताकदीचे कलाकार आले की पहिला प्रस्ताव हाच ठेवला जातो.

कलाकार पाच-सहा असतील तर तिरपी रचना चालत नाही. तिथे आडनावांच्या आद्याक्षरांचा आधार घेतात. 2011 च्या ‘कंटेजन’मधली नावे पाहा: कोटियार, डेमन, फिशबर्न, लॉ, पॅल्ट्रो, विन्स्लेट, रोमन वर्णमालेत सरळ चढत्या क्रमाने. 1974 च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये गुप्तहेराची भूमिका करणारे आल्बर्ट फिनी आधी आणि बाकीचा दिग्गजांचा ताफा वर्णानुक्रमे आहे. वर्णानुक्रमाचा फायदा असा की वरचे नाव वर का, याला अपमानाचा अर्थ उरत नाही. तोटा असा की ज्याचे आडनाव शेवटच्या अक्षराने सुरू होते त्याचा मॅनेजर हे क्वचितच मान्य करतो, आणि मग त्याच्यासाठी शेवटी ‘आणि’ जोडले जाते.

हे ‘आणि’ नीट समजून घ्या, कारण तुमच्या चित्रपटातल्या चार दृश्यांच्या कलाकारासाठी खरे तर तेच योग्य होते. रांगेत पहिले स्थान नेमके ओळखता येते आणि शेवटचेही. मधली सगळी नावे एकमेकांत मिसळतात. म्हणून पहिले स्थान मिळणार नसेल तर अनुभवी कलाकार दुसऱ्या-तिसऱ्यासाठी झगडत बसत नाही, थेट शेवट मागतो आणि त्याच्याआधी ‘आणि’ किंवा ‘सह’ लावून घेतो. प्राण यांचे नाव हिंदी चित्रपटांच्या नामावलीत शेवटी ‘आणि प्राण’ असे येत असे. त्या दोन शब्दांना स्वतःचे वजन आले होते. 1960 च्या ‘सायको’मध्ये जॅनेट ली यांचे नाव शेवटी, ‘आणि’ लावून, भूमिकेच्या नावासह येते. त्या काळातल्या सर्वांत परिचित चेहऱ्यांपैकी एक, आणि पात्र चित्रपटाच्या पूर्वार्धातच मारले जाते. अशा भूमिकेला पहिले स्थान दिले असते तर प्रेक्षकाची फसवणूक झाल्यासारखे वाटले असते, आणि मधले दिले असते तर अभिनेत्रीचा अवमान झाला असता. भूमिकेचे नाव जोडले की आणखी एक पायरी वाढते. ते सर्वांना दिले तर त्याचे मोल जाते, म्हणून एका चित्रपटात ते एकालाच, फार तर दोघांना द्यावे, असे माझे मत आहे.

नवोदितांसाठी ‘प्रथमच’ किंवा ‘सादर करीत आहोत’ अशा शब्दांचे कार्ड असते, आणि तुमच्या बाबतीत हा पर्याय सर्वांत गंभीरपणे पाहण्याजोगा आहे. 1962 च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त शीर्षकभूमिका करणारे पीटर ओ’टूल नामावलीत सर्वांत शेवटी येतात, ते अशाच परिचयाच्या कार्डावर. त्याआधी त्यांनी चित्रपटांत कामे केली होती, त्यामुळे ‘प्रथमच’ हे अक्षरशः खरे नव्हते. पण ॲलेक गिनेस आणि अँथनी क्विन यांच्या मागे तिसरे-चौथे उभे राहण्यापेक्षा ते स्थान कितीतरी ठळक होते. ‘शोले’तही अमजद खान यांचे नाव असेच शेवटी, परिचयाच्या कार्डावर आहे. हे कार्ड आयुष्यात एकदाच वापरता येते, म्हणून ते लहान भूमिकेवर खर्च करू नये.

एवढ्यापर्यंतचे तुमच्या प्रश्नाला लावून सांगायचे तर: तिसरे स्थान हे आपोआप हलके ठरत नाही. ते स्वतंत्र कार्डावर, शीर्षकाआधी असेल तर उत्तम आहे. शीर्षकानंतर आणखी दोन नावांसोबत एकाच कार्डावर असेल तर मात्र ‘तिसरे’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. तुम्हाला तोंडी फक्त आकडा सांगितला गेला आहे. बाकीचे काही सांगितलेले नाही.

आकाराची बाब वाचकांना कंटाळवाणी वाटेल, पण खरी लढाई तिथेच होते. करारात अक्षरांचा आकार सहसा चित्रपटाच्या शीर्षकाच्या अक्षरांच्या टक्केवारीत ठरवतात. पोस्टरच्या तळाशी उंच, काटकुळ्या, एकमेकींना खेटलेल्या अक्षरांत नावांचा गठ्ठा असतो, तो तसा का दिसतो, याचे उत्तर यातच आहे. करार उंचीचे प्रमाण पाहतो, रुंदीचे नाही; म्हणून उंची राखून रुंदी आवळणारा टाइप निवडला जातो आणि त्या छोट्या जागेत पंधरा-वीस नावे बसतात. नव्या पोस्टरची छापील प्रत आली की मी अजूनही स्टीलची पट्टी घेऊन शीर्षकाच्या अक्षरांची सरासरी उंची आणि नावांची उंची मिलिमीटरमध्ये मोजतो. शीर्षक 40 मिलिमीटर आणि ठरलेले प्रमाण 15 टक्के असेल तर नाव 6 मिलिमीटरचे हवे. डिझायनरने साडेपाचचे केले तर ते कोणाच्या डोळ्याला दिसत नाही, पण मॅनेजरकडेही पट्टी असते.

पडद्यावर हाच हिशेब फ्रेममध्ये करावा लागतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर तीन सेकंदांचे कार्ड 72 फ्रेमचे होते. ‘समान कालावधी’ असे कलम असेल तर नाव उमटताना आणि विरताना जाणाऱ्या फ्रेम धरायच्या की नाहीत, यावर वाद झालेले मी पाहिले आहेत. आता मी ‘नाव पूर्ण स्पष्ट दिसत असताना’ हे शब्द घालतो.

पोस्टरवर चेहऱ्यावर भलत्याच कलाकाराचे नाव का असते, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्नही याच मुळाशी जातो. नावांचा क्रम करारातून येतो आणि चेहऱ्यांची मांडणी चित्रकाराच्या नजरेतून. जो मध्यभागी शोभतो तो मध्ये जातो. दोन्हींची सांगड घालायला कोणी बांधलेला नसतो. काही कलाकार चित्राच्या आकाराचे आणि जागेचेही कलम घालून घेतात, पण ते फार थोड्यांना जमते.

आणखी एक कलम तुमच्या कानावर येईल, ते म्हणजे ‘मोस्ट फेव्हर्ड नेशन’. आंतरराष्ट्रीय व्यापार करारांतून उचललेले हे नाव आहे आणि अर्थ असा की बरोबरीच्या इतर कोणाला जास्त चांगल्या अटी दिल्या तर त्या मलाही आपोआप मिळतील. मोठ्या पात्रवर्गाच्या चित्रपटात सर्वांना हेच कलम देऊन निर्माता सुटका करून घेतो. नवोदिताला हे कलम फार उपयोगी पडते, कारण त्याला स्वतः भांडावे लागत नाही. दुसऱ्याचा मॅनेजर भांडून जे मिळवतो त्यात त्यालाही वाटा मिळतो. मात्र तुमची बरोबरी कोणाशी धरली आहे, हे करारात नावानिशी लिहिलेले असले पाहिजे.

क्रमाचा उपयोग कधी कधी कथेसाठीही होतो. 1995 च्या ‘सेव्हन’मध्ये केव्हिन स्पेसी यांचे नाव सुरुवातीला मुद्दाम दिलेले नाही, कारण ते वाचले की प्रेक्षक त्यांची वाट पाहत बसला असता, शेवटच्या नामावलीत मात्र ते सर्वांत आधी येते. 1931 च्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये राक्षसाच्या भूमिकेपुढे सुरुवातीला केवळ प्रश्नचिन्ह आहे आणि बोरिस कार्लोफ हे नाव शेवटी कळते. सुरुवातीची नामावली गाळून सगळी नावे अखेरीस देण्याची पद्धत रुळल्यापासून अर्थही उलटू लागले आहेत. 2019 च्या ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये मूळच्या सहा कलाकारांची नावे त्यांच्या स्वाक्षऱ्यांसह येतात आणि रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांचे सर्वांत शेवटी. तिथे शेवटचे म्हणजेच सर्वांत मोठे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. आणि क्रम स्वेच्छेने सोडताही येतो. शाहरुख खान यांनी नायिकेचे नाव आपल्या आधी देण्याचे ठरवले आणि 2013 च्या ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये दीपिका पदुकोण यांचे नाव आधी आले. अर्थात, जागा सोडून मोठे दिसता येण्यासाठी आधी ती जागा आपली असावी लागते.

स्थानाचा परिणाम प्रतिष्ठेपुरता राहत नाही. रंगभूमीवरच्या टोनी पुरस्कारांत कलाकार मुख्य भूमिकेच्या गटात धरायचा की सहायक, हे मुळात त्याचे नाव नाटकाच्या शीर्षकाच्या वर होते की खाली, यावरून ठरते. समितीने वेगळा निर्णय घेतला तरच ते बदलते. चित्रपटात इतका थेट संबंध नसला तरी पुढच्या कराराच्या वेळी समोरचा माणूस तुमची मागची नामावली काढून पाहतोच. म्हणून पहिल्या चित्रपटातले स्थान ही केवळ मानापमानाची गोष्ट समजू नका.

ठरलेले श्रेय दिलेच नाही तर काय? इथे कराराचा बारीक मजकूर वाचावा लागतो. बहुतेक मसुद्यांत ‘अनवधानाने राहून गेलेले श्रेय हा करारभंग समजला जाणार नाही’ असे एक वाक्य असते आणि त्याला जोडून ‘कलाकाराला चित्रपटाचे प्रदर्शन थांबवण्याची मागणी करता येणार नाही’ असे दुसरे. पहिल्या वाक्यावर मी निर्मात्याच्या बाजूनेही फार ताणत नाही. पत्र मिळाल्यावर पुढच्या प्रती आणि जाहिराती दुरुस्त करण्याची तयारी दाखवणे रास्त आहे. दुसरे वाक्य मात्र कोणताही निर्माता सोडणार नाही, आणि एका नावासाठी शेकडो लोकांचे काम अडू नये, हे मलाही पटते. नाव राहून जाणे वेगळे आणि नाव बदलणे वेगळे. पॉल स्मिथ या अभिनेत्याचे नाव काढून वितरकाने त्या जागी दुसरेच नाव लावले, तेव्हा ते प्रकरण न्यायालयात गेले आणि 1981 साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्याचा दावा चालवण्याजोगा ठरवला. एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर खपवणे हे बाजारातल्या मालाची खोटी ओळख देण्यासारखेच आहे, असा त्यामागचा विचार होता. मात्र स्थानाच्या वादात असा आधार मिळेल, असे धरून चालू नका. तिथे तुमचा करारच तुमचा आधार.

तर तुम्ही काय मागावे? पहिल्या दोन नावांशी स्पर्धा करू नका. त्यांचे करार झालेले असतील तर निर्मात्याला इच्छा असूनही ते बदलता येणार नाहीत, आणि झालेले नसतील तर तुमच्या मागणीमुळे त्याचा मोठा व्यवहार अडेल आणि तो तुम्हालाच बदलेल. नवोदिताच्या बाबतीत हे क्रूर वाटले तरी खरे आहे. त्याऐवजी दोनपैकी एक मागा. एक, ‘कलाकारांच्या नामावलीत तिसरे स्थान, स्वतंत्र कार्डावर, शीर्षकाआधी, आधीच्या दोन नावांच्या अक्षरांइतक्याच आकारात.’ दोन, ‘कलाकारांच्या नामावलीत शेवटचे स्थान, स्वतंत्र कार्डावर, परिचयाच्या शब्दांसह आणि भूमिकेच्या नावासह.’ तुमच्या भूमिकेचे वर्णन वाचता मी दुसरे मागितले असते; पण चार दृश्यांच्या त्या कलाकाराला शेवटचे ‘आणि’ देण्याचे आधीच कबूल झाले असेल तर ती जागा शिल्लक नाही. ते आधी विचारून घ्या. कोणाचे स्थान कुठे, हे विचारण्यात गैर काही नाही. मानधनाचे आकडे विचारले तर मात्र उत्तर मिळणार नाही.

जे ठरेल त्यात ‘जिथे जिथे पहिल्या दोन कलाकारांची नावे येतील त्या सर्व छापील व दृक्‌श्राव्य जाहिरातींतही’ हे शब्द घालून घ्या. हे शब्द नसतील तर पडद्यावर तिसरे असलेले नाव पोस्टरवर अजिबात नसणे शक्य आहे, आणि तो करारभंग ठरत नाही. तोंडी सांगितलेले तिसरे स्थान त्यांना खरोखर द्यायचे असेल तर ते लिहून द्यायला हरकत येणार नाही. हरकत आली तर ते अजून ठरलेले नाही, असे समजा.

आणि बोलावे की गप्प राहावे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल: एकदा बोला, लेखी बोला, आणि वेशभूषेची मापे द्यायला जाण्याआधी बोला. चित्रीकरण सुरू झाल्यावर आलेले श्रेयाचे पत्र मी स्वतः अनेकदा ‘नामावली तयार करताना पाहू’ असे उत्तर लिहून फायलीत ठेवले आहे. सहीआधी आलेल्या पत्राचे उत्तर मात्र मला त्याच दिवशी द्यावे लागते, कारण तोवर तुमची तारीख माझ्या वेळापत्रकात पक्की झालेली नसते.